गाडी कोण चालवत होतं

केशवचा चिमटा एकोणसत्तराव्या अंकुरावर होता तेव्हा शिपाई दारात येऊन उभा राहिला. "साहेब, गेटवर एक बाई आल्यात. कुंभार पिंपळगावहून. छकुली आलीय म्हणून सांगा, म्हणतात." समोरच्या ओल्या कागदावर कपाशीच्या बियांच्या दहा ओळी होत्या. नीट उगवलेले, वाकडे उगवलेले आणि मेलेले असे तीन रकाने भरायचे, खाली सही करायची, मग त्या लॉटची पोती बाजारात जायला मोकळी. नवीन जालन्यातल्या या बियाणे कंपनीत तो सत्तावीस वर्षं हेच करत आला होता आणि त्याची मोजणी कधी चुकली नव्हती. त्यानं चिमटा खाली ठेवला, पुन्हा उचलला, आणि आपण कितव्यावर होतो ते त्याला आठवेना. कागद तसाच टाकून तो उठला. जिना उतरताना डावा गुडघा नेहमीसारखा अडला. त्या गुडघ्यात एक धातूची पट्टी होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी बसवलेली ही पट्टी थंडीत आणि जिन्यावर आपण आहोत असं सांगायची, एरवी गप्प असायची. छकुली. फ्रॉकमधली दहा वर्षांची पोर, पुढचे दोन दात पडलेली, येझदी मोटारसायकलच्या टाकीवर बसून हँडलला लोंबकळणारी. तिचा थोरला भाऊ शिवशंकर तिला उचलून खाली ठेवायचा आणि ती पुन्हा चढायची.

गेटजवळच्या सावलीत अडतीस वर्षांची बाई उभी होती. सुती साडी, अंगणवाडीची पिशवी, आणि कपाळ हुबेहूब शिवशंकरचं. केशवला तिच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून तो तिच्या पिशवीकडे बघत राहिला.

"केशवदादा, वळखलं का? मी छकुली. शंकरदादाची."

"ओळखलं. मामा कसे आहेत? मामी?"

"आई हाय बरी. बाबाला आयकू येत न्हाई आता. डोळे शाबूत हाईत." तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "आमचं घरकुल मंजूर झालंय. जुनं घर पाडून राह्यलो. मागच्या खोपीत दादाची गाडी हाय, ती काढावी लागंल. बाबा म्हणले, भंगारवाल्याला द्यायच्या आधी केशवला इचार. त्याला लई लागलं व्हतं त्या गाडीवरून. त्याला पाहिजे तर त्यानं न्यावी, न्हाईतर जाऊ दे भंगारात."

जाऊ दे भंगारात, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. भट्टीत वितळलं असतं लोखंड आणि त्याच्याबरोबर उरलंसुरलं सगळं. केशवनं तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "मी नेतो."

कल्याणीला आनंद झाला. ती बँकेत अधिकारी होती, आणि लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी गावात जाताना स्कूटर तीच चालवायची. केशव मागं बसायचा. लोक सुरुवातीला हसायचे. त्या अपघातापासून यांनी गाडीला हात लावलेला नाही, असं ती सांगायची, आणि सांगताना तिच्या आवाजात एक हळवी माया असायची. "बरं झालं. आता ती गाडी नीट करा. भीती हातानंच जाते," ती म्हणाली. पोर्चमधल्या कुंड्या तिनं स्वतः हलवून जागा केली. ती तशीच होती. दर दिवाळीला ऑफिसातल्या त्या बाजूच्या ड्रायव्हरच्या हाती कुंभार पिंपळगावला फराळाचा डबा पाठवायची, तोही तिनंच सुरू केलेला नेम. ज्याच्या पोरामुळं आपला नवरा जन्माचा लंगडा झाला त्या म्हाताऱ्याला ती अनारसे पाठवायची. केशव डब्याला दोरी बांधून द्यायचा.

टेम्पोतून गाडी उतरवली तेव्हा ती गाडी वाटत नव्हती. पुढचा फोर्क धडकेत मागं वाकलेला, दोन्ही टायर चपटे होऊन रिमला चिकटलेले, सीटचा फोम उंदरांनी नेलेला, दोन्ही सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीची घरं बांधलेली. स्पोकांत लेंड्या अडकल्या होत्या आणि सगळ्याला मेंढरांचा, ओल्या लोकरीचा वास होता. मागं दोन्ही बाजूंना शिवशंकरनं स्वतः वेल्डिंग करून लावलेलं लोखंडी कॅरियर मात्र जसंच्या तसं होतं. लांबच्या प्रवासासाठी त्यानं ते दोन रात्री खपून केलं होतं. छकुली टेम्पोबरोबर आली होती. कल्याणीनं दिलेला चहा तिनं पोर्चच्या पायरीवर बसून घेतला.

"तू चालवतेस का गं गाडी?" कल्याणीनं सहज विचारलं. "अंगणवाडी लांब असेल ना?"

"न्हाई ओ वहिनी. बाबानं सायकलबी शिकू दिली न्हाई. एक गेला तेवढा बास, म्हणायचे. हायस्कूल लांब व्हतं, पोरी सायकलवर जायच्या. मी न्हाई गेले." ती हसली, त्यात तक्रार नव्हती. "दादाचा फोटूबी न्हाई लावू दिला भिंतीला. आईनं ट्रंकंत ठिवलाय. बाबा म्हणतात, माजला व्हता म्हणून मेला. जो दुसऱ्याच्या लेकराला मरणाच्या दारात न्हेतो त्याचा फोटू कशाला."

कल्याणीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "असं नको गं म्हणायला. वय असतं ते. आमच्या मनात काही नाही." केशव तेव्हा कॅरियरला बांधलेल्या पत्र्याच्या पेटीचं झाकण उघडत होता. आत गंज होता आणि काचेचा चुरा. चुऱ्यातला एक तुकडा त्यानं बोटांत धरला. बाटलीच्या गळ्याचा होता. त्या प्रवासात रामेश्वरच्या पुढं धनुष्कोडीला शिवशंकर गाडी वाळूपर्यंत घेऊन गेला होता, चाकं रुतली तरी ऐकेना, आणि मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा राहिला. ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकला. "बिलकुल खारट हाय रे!" जणू आतापर्यंत लोकांनी त्याला फसवलं असावं असा त्याचा चेहरा झाला होता. मग सरबताच्या रिकाम्या बाटलीत त्यानं आईसाठी ते पाणी भरून घेतलं.

कामाला हात लावायला आला तो बुद्धभूषण. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला हा माणूस मागच्या गल्लीत राहायचा. गाडी उतरताना त्यानं पाहिली होती. रविवारी सकाळी तो पान्यांची पिशवी घेऊन न बोलावता आला आणि गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "साहेब, जल्दी करायचं काम न्हाई हे. चार महिने लागतील. बराबर उभी करू." पिस्टन सिलेंडरमध्ये जाम झाला होता. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून आठ दिवस नुसती वाट बघितली. रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर केशव किकवर हातानं जोर देऊन बघायचा, आणि नवव्या दिवशी ती केसभर हलली. टाकीत खडी आणि डिझेल घालून दोघांनी ती आलटून पालटून हलवली. लाल चिखलासारखा गंज बाहेर आला. मग फोर्क, कार्बोरेटर, पॉइंट, क्लचच्या प्लेटा. केशवला खाली उकिडवं बसता यायचं नाही. तो एका पाटावर डावा पाय लांब सोडून बसायचा आणि सुटे भाग ब्रशनं घासून कागदावर ओळीनं मांडायचा. बुद्धभूषण म्हणायचा, साहेबांची मांडणी बघा, दुकान लावल्यासारखी. घासता घासता हात आपोआप चालायचे आणि मन मोकळं राहायचं, तेच वाईट होतं.

जालन्याच्या कॉलेजात शिवशंकर त्याच्या बाकावर दोन वर्षं होता, मग शिक्षण सोडून घनसावंगीला ट्रॅक्टरच्या गॅरेजात लागला. येझदी त्यानं जालन्यातल्या एका डॉक्टरकडून जुनी घेतली होती. त्याचा बाप म्हस्कू वर्षातले आठ महिने मेंढरांमागं पायी हिंडायचा. शिवशंकर म्हणायचा, "आमच्या रक्तातच हिंडणं हाय. मला बी हिंडायचंय, पण बूड टेकून." पंचाण्णवच्या डिसेंबरात ते दोघं निघाले. बीदर, हंपी, मग खाली रामेश्वर. बावीस दिवस. पेट्रोलपंपावर ऑइल मोजून मिसळायचं, धर्मशाळेत झोपायचं, कुणाच्या तरी विहिरीवर अंघोळ करायची. भाषा येत नव्हती. शिवशंकर सगळ्यांशी मराठीतच बोलायचा आणि लोकांना ते कळायचं. केशवच्या घरात त्याआधी कुणी असं काही केलं नव्हतं. त्यांच्याकडं प्रवास म्हणजे लग्नाला किंवा मौंजीला, पिशव्या मोजत. त्या बावीस दिवसांत तो पहिल्यांदा गाडी चालवायला शिकला, हंपीच्या अलीकडच्या एका रिकाम्या रस्त्यावर. शिवशंकरनं मागं बसून त्याच्या हातांवर हात ठेवले होते. क्लच हळूहळू सोड, ती तुला सांगंल, तू आयक. लायसन नव्हतं. जानेवारीत परत येताना गोदावरी ओलांडली आणि शिवशंकरचे डोळे धुळीनं लाल झाले होते. "आता आपलाच रस्ता हाय, तू घे," तो म्हणाला, आणि केशवनं हँडल घेतलं. तीर्थपुरीच्या पुढं रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी, दुपारचं ऊन. आपण घरी पोचतो आहोत, आणि आपण चालवत पोचतो आहोत. तो सुसाट सुटला. इथवर त्याला सगळं आठवायचं. पुढचं वळण आलं की तो ब्रश उचलायचा आणि दुसरा भाग घासायला घ्यायचा.

वळणाच्या पलीकडं उसाची ट्रॉली उभी होती. जाग आली ती दवाखान्यात. शिवशंकर वाटेतच गेला होता हे त्याला संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आला, पॅड मांडीवर ठेवून बसला आणि त्यानं विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?" उशाशी केशवचे वडील उभे होते. ते म्हणाले, "गाडी त्याची, तोच चालवणार ना." पोलिसानं केशवकडं पाहिलं. केशवनं डोळे मिटले. पेन कागदावर चालल्याचा आवाज आला. झालं ते एवढंच. खोटं असं तो काहीच बोलला नव्हता, आणि हे वाक्य तो स्वतःला इतकी वर्षं सांगत आला होता की आता त्याला त्याची चवही लागत नव्हती. तिसऱ्या दिवशी म्हस्कूमामा आले. खांद्यावर घोंगडी, पायात धुळीनं माखलेल्या वहाणा, अंगाला मेंढरांचा वास. बाराव्याच्या आधी घर सोडून आले होते. त्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि केशवच्या पायाशी, पलंगाच्या लोखंडी कडेवर ठेवलं. "माझ्या पोरानं तुम्हाला मरणाच्या दारात न्हेलं, मालक. त्यो गेला. आता मी पदर पसरतो. पोटात घाला." पन्नाशीचा माणूस चोवीस वर्षांच्या पोराला मालक म्हणत होता. केशवचं तोंड कोरडं पडलं होतं. त्यानं "मामा" असं म्हटलं. पुढचं वाक्य घशात तयार होतं, गाडी मी चालवत होतो, पाच शब्दसुद्धा नव्हते. पण वडील पुढं झाले, मुंडासं उचलून त्यांनी परत म्हस्कूमामांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "व्हायचं ते झालं. आमच्या मनात काही नाही." मामांनी दोघांना हात जोडले आणि गेले. त्यानंतर केशव कुंभार पिंपळगावला गेला नाही.

डिसेंबरच्या एका रविवारी बुद्धभूषण टाकीचा जुना रंग खरवडत होता. रंग निघाला तसा डाव्या बाजूचा वाटीएवढा खड्डा नीट दिसू लागला. त्यानं त्यात अंगठा फिरवला. "साहेब, हा ट्रॉलीचा मार न्हाई. ट्रॉलीनं पत्रा फाटतो. हा आत गोल दबलाय. गुडघा हाय हा. चालवणाऱ्याचा डावा गुडघा असा आपटला." त्यानं स्वतःचा गुडघा खड्ड्यात बसवून दाखवला. "मागं बसणाऱ्याचा इथवर पोचत न्हाई." बोलून झाल्यावर त्याची नजर पाटावरून लांब सोडलेल्या पायाकडं गेली आणि तिथंच राहिली. केशवला पाय आखडून घ्यावासा वाटला. तो आखडला जात नव्हता. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. बुद्धभूषणनं खाली बघत विचारलं, "डेंट काढू, का राहू देऊ?"

"राहू द्या."

त्यानं पुन्हा काही विचारलं नाही. कामही सोडलं नाही, दर रविवारी येत राहिला. पण कल्याणी चहा ठेवून जायची तो तसाच गार व्हायचा.

केशवच्या मनात तोवर एक चित्र तयार झालं होतं. गाडी नवीकोरी करायची, काळा रंग, सोनेरी पट्टे, शिवशंकरच्या वेळी होते तसेच. टेम्पोत घालून, हार घालून कुंभार पिंपळगावला न्यायची आणि म्हस्कूमामांच्या दारात उभी करायची. छकुलीला म्हणायचं, ही तुझी. तिला शिकवायला माणूस लावायचा. पुढं काय बोलायचं ते या चित्रात नव्हतं. चित्र नेहमी गाडीवर येऊन थांबायचं. गाडी तिथं चमकत उभी असायची आणि सगळे तिच्याकडं बघत असायचे, त्याच्याकडं कुणी नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी ती सुरू झाली. बुद्धभूषणनं अकरा किका मारल्या, बाराव्या किकेला इंजिन खोकलं आणि पकडलं. दोन्ही सायलेन्सरांतून निळा धूर पोर्चभर झाला. तो जुना, तेलकट वास केशवच्या नाकात थेट कपाळापर्यंत गेला. शेजारची माणसं गच्चीवर आली. कल्याणी पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर येऊन टाळ्या वाजवू लागली. "बसा साहेब," बुद्धभूषण म्हणाला. त्याच्या आवाजात आग्रह नव्हता. "बघा बसून."

केशव बसला. सीट नवी होती, खालची थरथर जुनीच. ती मांड्यांतून वर आली, पोटातून, आणि डावा गुडघा त्या न काढलेल्या खड्ड्यात जाऊन बसला. बराबर बसला. इतका नेमका, की त्याला आपल्या पाठीमागं कुणीतरी बसल्याचं वजन जाणवलं. सीट मागून दबल्याचं, खांद्यावर हनुवटी टेकल्याचं. आणि मग वळण आलं, आणि या वेळी हातात ब्रश नव्हता. वळणाच्या आधी शिवशंकरनं त्याच्या खांद्यावर थाप मारली होती आणि कानाशी तोंड आणून काहीतरी म्हटलं होतं. केशवला ते ऐकू गेलं होतं. ऐकून तो हसला होता आणि त्यानं मूठ आणखी पिळली होती. शिवशंकरचे शेवटचे शब्द, आणि ते जगात फक्त एकाच माणसाजवळ होते, आणि त्यानं ते अठ्ठावीस वर्षं कुणाला दिले नव्हते. त्यानं किल्ली फिरवली. इंजिन बंद झाल्यावर गल्लीत एकदम फार शांत वाटलं.

"काय झालं?" कल्याणीनं विचारलं. बुद्धभूषण आपले पाने पिशवीत भरू लागला होता.

घरात जाऊन, ओट्याशी उभं राहून त्यानं तिला सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. ती पोळपाटावरची पोळी लाटत होती. लाटणं थांबलं, मग तिनं ती पोळी मोडून पुन्हा गोळा केला, आणि तो गोळा हातात धरून ती उभी राहिली.

"तुमच्या वडिलांना माहीत होतं?"

"त्यांनी विचारलं नाही कधी."

"म्हणजे माहीत होतं." तिनं तवा खाली उतरवला. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण त्यात कुठंतरी तडा होता. "मी दरवर्षी त्यांना माफ करत होते. तुम्हाला कळतंय का? डबा भरताना मला वाटायचं, आपलं मन किती मोठं. ती पोर पायरीवर बसली होती, मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आमच्या मनात काही नाही म्हणाले मी. आणि तुम्ही तिथंच बसून ऐकत होतात."

"मी गाडी घेऊन जाणार आहे त्यांच्याकडं. रंग झाला की. मग सांगतो."

"गाडी कशाला नेता?" ती त्याच्याकडं वळली. "गाडीच्या मागं उभं राहून सांगणार? तसेच जा. रिकाम्या हातानं जा."

तो दुसऱ्याच दिवशी रजा टाकून बसनं निघाला. कल्याणी सकाळी त्याच्याशी बोलली नाही. डबा भरून दिला नाही, थांबवलंही नाही. घनसावंगीला गाडी बदलली. पुढच्या बसमध्ये कोंबड्या, बाजाराच्या रिकाम्या पिशव्या, शाळेची पोरं, सगळं खच्चून भरलं होतं. कुंभार पिंपळगावचा आठवडी बाजार होता. त्यानं वाक्यं जुळवली होती. आधी मामांना बाजूला घ्यायचं, खाटेवर शेजारी बसायचं, हात हातात घ्यायचा आणि हळू आवाजात सुरुवातीपासून सांगायचं. वय काय होतं, वडील काय म्हणाले, तोंड कसं कोरडं पडलं होतं. ऐकून घेतलं तर माणूस समजून घेतो असं त्याला वाटत होतं, निदान अर्ध्या रस्त्यापर्यंत वाटत होतं.

जुनं घर पडलं होतं. नव्याच्या भिंती कमरेएवढ्या आल्या होत्या आणि दोन गवंडी विटा लावत होते. छकुली हंड्यानं भिंतींवर पाणी मारत होती. बाभळीखाली खाटेवर म्हस्कूमामा बसले होते, फार लहान झालेले, मुंडासं मात्र तेवढंच मोठं. मामी आसराबाई सुपात तूर पाखडत होत्या. केशव वाकून पाया पडला. मामांनी ओळखलं. त्यांचा चेहरा उजळला. "आलास? पाय कसा हाय तुझा? बस. छकुले, पानी दे ह्याला."

केशव त्यांच्या शेजारी बसला, हात हातात घेतला आणि हळू आवाजात बोलू लागला. मामा त्याच्या ओठांकडं बघत होते, मान हलवत होते, आणि मग त्याला छकुलीनं गेटवर सांगितलेलं आठवलं; त्यांना काहीच ऐकू गेलेलं नव्हतं. "काय म्हनतोय ह्यो?" त्यांनी लेकीला विचारलं. छकुली पाण्याचा तांब्या घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं ऐकलं होतं. तिचं कपाळ, ते शिवशंकरचं कपाळ, पांढरं पडलं होतं. तिनं तांब्या भिंतीवर ठेवला, त्याला दिला नाही.

"मी न्हाई सांगणार," ती म्हणाली. "तुमीच सांगा. मोठ्यानं."

"गाडी मी चालवत होतो, मामा."

"आँ?"

"गाडी मी चालवत होतो!" तो ओरडला. त्याला स्वतःचा आवाज परका वाटला. गवंड्यांच्या थाप्या थांबल्या. आसराबाईंच्या सुपातले दाणे एका बाजूला घरंगळले. "शंकर मागं बसला होता! मी चालवत होतो! मी पोलिसाला सांगितलं नाही! तुम्ही दवाखान्यात आलात, तेव्हाही सांगितलं नाही!"

मामांचा हात अजून त्याच्या हातात होता. तो त्यांनी काढून घेतला, पण झटक्यानं नाही. जसा दुसऱ्याचा हात चुकून धरला असावा तसा. त्यांनी विचारलं, "मंग त्यो मागं बसून काय करत व्हता?"

"तो म्हणाला, हळू घे."

"मोठ्यानं बोल."

"हळू घे म्हणाला! माझ्या खांद्यावर हात मारून म्हणाला, केशव, हळू घे! मी घेतली नाही!"

मामा बायकोकडं वळले, सगळं अंग वळवून. "आयकलं का गं? हळू घे म्हनला आपला शंकर." ते पुन्हा म्हणाले, "हळू घे म्हनला." आसराबाई उठल्या. आत जायला घर नव्हतं, म्हणून त्या कमरेएवढ्या भिंतीजवळ जाऊन ओल्या विटांवर हात टेकून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. "अठ्ठावीस वरसं ह्यांनी माझ्या लेकराला शिव्या घातल्या," त्या विटांना सांगत होत्या. "मी आयकून घेतल्या. मला वाटायचं, खरं असंल. माय असून मला वाटायचं, खरं असंल." छकुलीनं जाऊन त्यांना धरलं. केशवकडं तिघांपैकी कुणी बघत नव्हतं. त्याला वाटलं, आता कुणीतरी मारावं, निदान जा म्हणावं. मामांनी खाटेखाली चाचपून काठी घेतली आणि ते उठले.

"चल," ते म्हणाले.

"कुठं?"

त्यांना ऐकू गेलं नाही, पण त्यांनी उत्तर दिलं. "बाजारात. म्या ज्याला ज्याला सांगितलंय, त्याला त्याला तू सांग."

बाजार भरात होता. मामा पुढं, काठी टेकत, आणि केशव मागं लंगडत. पहिला राधेश्याम, किराणा दुकानवाला, शिवशंकरच्याच वयाचा. गल्ल्यामागून तो उठून उभा राहिला. मामांनी काठीनं केशवला पुढं केलं. केशवनं सांगायला सुरुवात केली. आपण किती तरुण होतो, लायसन नव्हतं, शुद्धीवर आलो तेव्हा काय अवस्था होती, घरचे लोक कसे पुढं झाले. राधेश्याम अवघडून गेला. "जाऊ द्या ना मामा," तो म्हणाला, "इतकी सालं झाली." मामांनी केशवच्या तोंडाकडं बघितलं. शब्द ऐकू येत नसले तरी ओठ किती वेळ हलत होते ते त्यांना दिसत होतं. त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "लई बोलू नको. तेवढंच सांग."

"गाडी मी चालवत होतो. शंकर हळू घे म्हणाला होता."

"हां," मामा म्हणाले, आणि पुढं चालू लागले.

मिरच्यावाला. दोरखंडं विकणारा म्हातारा, ज्यानं दोनदा कपाळाला हात लावला. बकऱ्यांच्या बाजारातले तिघं-चौघं, घोंगड्या पांघरलेले, मामांच्या बरोबर हिंडलेले. त्यांतला एक केशवच्या पायाशी थुंकला, आणि केशवला त्याबद्दल जवळजवळ आभार मानावेसे वाटले. सातव्या-आठव्या माणसापाशी ते वाक्य सहज यायला लागलं, नाव सांगावं तसं. मग त्याची त्याला भीती वाटली, आणि पुढच्या माणसापुढं तो मुद्दाम थांबून, शिवशंकरचा आवाज कानाशी येईपर्यंत थांबून, मग बोलला. ऊन डोक्यावर आलं होतं. मामांना धाप लागत होती; त्यांनी थांबावं असं कुणीतरी म्हणालं, ते थांबले नाहीत. भाजीच्या रांगेच्या शेवटी नळासाठी रस्ता खणलेला होता आणि वर नुसती फळी टाकलेली होती. तिथं मामांची काठी डगमगली. त्यांनी बाजूला हात टाकला आणि केशवचा दंड धरला. बोटं हाडासारखी होती, पकड घट्ट. दोघं एकेक पाय टाकत फळीवरून पलीकडं गेले. पलीकडं गेल्यावर मामांनी हात सोडला, मुंडासं सारखं केलं आणि पुढं बघितलं. बांगड्या मांडून साळूबाई बसली होती.

"हिला सांग," ते म्हणाले.